अल्बेनियाला जा, पण एकच सॅक घेऊन

प्रिय शमे,

तुझा मेसेज आला तेव्हा ऑफिसात होते म्हणून दोन ओळी टाकून गप्प बसले, आता निवांत लिहिते. सप्टेंबरमध्ये तू दादाकडे म्युनिकला जाणार आणि तिथून पुढे आठ-दहा दिवस एकटीने फिरायचंय, स्वित्झर्लंड करू की प्राग असं विचारलंयस. माझं उत्तर अल्बेनिया. हो, अल्बेनियाच, ग्रीसच्या वर, समुद्राच्या पलीकडे इटली. आणि तू विचारलं नाहीस तरी दुसरंही सांगते, दादासाठी चिवडा-लाडू नेशील त्या मोठ्या बॅगा म्युनिकलाच राहू देत, पुढे पाठीवर एकच सॅक. या दोन गोष्टी मी वेगळ्या धरत नाहीये, तो देश ज्या पद्धतीने चालतो ना, तिथे सामान कमी असेल तरच तो नीट बघता येतो असं माझं ठाम मत झालंय.

आधी व्हिसाचं, कारण ते चुकलं तर पुढचं सगळंच राहिलं. अल्बेनिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. शेंगेनचा मल्टिपल एंट्री व्हिसा असेल आणि तो एकदा वापरून झालेला असेल तर भारतीय पासपोर्टला तिथे वेगळा व्हिसा लागत नाही, आणि तू जर्मनीत उतरलेली असणार म्हणजे तो वापरलेला असेलच. पण तुझा सिंगल एंट्री निघाला तर अल्बेनियाला गेल्यावर परत जर्मनीत शिरता येणार नाही, म्हणून अर्ज करतानाच मल्टिपल माग. आणि तिकीट काढायच्या आधी त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर नियम एकदा बघून घे, असे नियम बदलत असतात.

आता तिथे फिरतात कसं ते ऐक. रेल्वे जवळपास नाहीच म्हण. लोक फुर्गोनने जातात, म्हणजे मिनीबस, आपल्याकडच्या वडापसारखं चालतं, गाडी भरली की निघते, वाटेत हात दाखवला की थांबते, म्हणाल तिथे उतरवते. तिकीट वगैरे काही नाही, पैसे उतरताना रोख. डिकीत जागा असते बेताची, त्यातही कुणाच्या टोमॅटोच्या पेट्या, कुणाचा गॅसचा शेगडा, आणि आपण मोठी सुटकेस घेऊन उभे राहिलो की ड्रायव्हर बिचारा काहीतरी जमवतो खरं पण ती सुटकेस कुणाच्या तरी पायात येते. सॅक मांडीवर घेतली की तू फक्त आणखी एक प्रवासी. शेजारची आजी अंजीर पुढे करते, कुठून आलीस विचारते, इंडिया म्हटलं की हिंदी सिनेमातली नावं निघतात. मला अल्बेनियन येत नाही आणि तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी तासभर आम्ही बोलत होतो गं.

शिवाय सामान हलकं असलं की बेत मोडता येतो. मी ग्यिरोकास्तरला निघालेले आणि वाटेत व्योसा नदी दिसली, इतकी रुंद, दगडगोट्यांतून मोकळी पसरलेली, २०२३ मध्ये त्यांनी ती अख्खी नदीच नॅशनल पार्क केली, धरणं होऊ नयेत म्हणून लोक कितीतरी वर्षं भांडले होते. मला राहवेना, फाट्यावर उतरले आणि दुसऱ्या गाडीने पर्मेतला गेले. तिथे ग्लिको खा, साखरेच्या पाकात मुरवलेली फळं, कोवळे हिरवे अक्रोडसुद्धा मुरवतात, छोट्या बशीत चमचाभर देतात.

बेरात आणि ग्यिरोकास्तर ही दोन गावं मात्र सोडूच नकोस, दोन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत. बेरातला ओसुम नदीच्या काठावर पांढरी घरं एकावर एक चढत गेलीयेत, सगळ्या खिडक्या नदीकडे तोंड करून. वर किल्ला आहे आणि किल्ल्यात लोक अजून राहतात, कपडे वाळत घातलेले, दारात द्राक्षाचा मांडव. आतल्या एका जुन्या चर्चमध्ये ओनुफ्री नावाच्या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या कामाचं म्युझियम आहे, त्याचा तो लाल रंग बघायला तरी वर चढ. चढ खडा आहे आणि दगड लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेत, ग्यिरोकास्तरला तर गल्ल्याच नाही तर घरांची छपरंसुद्धा दगडाची. चाकांच्या बॅगेची चाकं तिथे निरुपयोगी आहेत, खरं सांगते, लोक दोन हातांनी बॅग उचलून धापा टाकत गेस्टहाउस शोधत असतात आणि त्या घरांकडे बघायचं राहूनच जातं.

याच ग्यिरोकास्तरला १९०८ मध्ये कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजा जन्मला, ज्याने १९४४ पासून १९८५ मध्ये मरेपर्यंत देश बंद करून ठेवला. आधी युगोस्लाव्हियाशी तोडलं, मग रशियाशी, मग चीनशीही. साध्या माणसाला स्वतःची गाडी ठेवायची परवानगी नव्हती. १९६७ मध्ये धर्मावरच बंदी आली, मशिदी बंद, चर्च बंद. आणि बंकर! शेतात, समुद्राकाठी, शाळेमागे, जाशील तिथे काँक्रीटचे घुमट, लाखाच्या वर बांधलेले, कुणीच न केलेल्या हल्ल्यासाठी. राजधानी तिरानात भर शहरात एका बंकरचं म्युझियम केलंय, बंकआर्ट २, पोलिसी अत्याचारांचा सगळा हिशोब तिथे मांडलाय, भिंतीवर मारल्या गेलेल्यांची नावं आहेत. तिथून बाहेर आलं की स्कंदरबेग चौकात एथेम बे मशीद दिसते, १९९१ मध्ये हजारो लोक परवानगी नसताना आत शिरले आणि ती पुन्हा सुरू झाली. मी त्या चौकात बराच वेळ बसून राहिले होते.

आणि हे तुला माहीत नसेल. तिरानाच्या विमानतळाचं नाव मदर तेरेसा आहे. त्या शेजारच्या उत्तर मॅसेडोनियातल्या स्कोप्येच्या, पण घर अल्बेनियन. १९२८ मध्ये त्यांनी घर सोडलं आणि आईची भेट पुन्हा कधीच झाली नाही. आई आणि बहीण नंतर तिरानात राहायच्या, त्यांना बाहेर पडू दिलं नाही आणि तेरेसांना आत येऊ दिलं नाही, १९७२ मध्ये आई गेली, पुढच्या वर्षी बहीण. तेरेसांना तिथे पाय ठेवायला मिळाला तो थेट १९८९ मध्ये. कोलकात्यात जग त्यांना भेटायला येत होतं आणि स्वतःच्या आईला भेटायची त्यांना परवानगी नव्हती, हे मला फार लागलं गं.

उत्तरेकडचे डोंगर तुझ्यासाठीच आहेत. श्कोडरहून पहाटे व्हॅन निघते कोमानला, तिथे द्रिन नदीवर धरण आहे, त्या पाण्यातून दोन-अडीच तास बोट जाते, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, मधेच एखादी बाई कुठल्यातरी किनाऱ्यावर पिशवी घेऊन उतरते आणि पायवाटेने वर चालू लागते. बोटीतून उतरून वाल्बोना, रात्री मुक्काम, सकाळी खिंड ओलांडून पायी थेथ. खिंड साधारण १८०० मीटरवर, चालायला सहा ते आठ तास, आपण राजगड-तोरणा केलाय तर तुला जड नाही. पण जे नेशील ते पाठीवर. काही जण घोड्यावर सामान लादतात, बरेच जण मोठी बॅग श्कोडरच्या हॉस्टेलला ठेवून जातात, तुला यातलं काहीच लागणार नाही.

आता काय न्यायचं. सॅक २४ लिटरची, विझ एअरच्या विमानात ४० × ३० × २० सेंटीमीटरची बॅग फुकट नेता येते, त्यात ही बसते. सॅकसकट सहा किलोच्या आत ठेव. अंगावर एक जोड, आत दोन, लवकर वाळणारे. जीन्स नको, ती धुतली की वाळतच नाही. टॉवेलऐवजी आपला साधा सुती पंचा घे, अर्ध्या तासात वाळतो, उन्हात डोक्याला, चर्चमध्ये खांद्यावर, बोटीत गारठलं की गळ्यात, या एका गोष्टीचा मला जितका उपयोग झाला तितका कशाचाच नाही. कपड्यांच्या साबणाची अर्धी वडी, नायलॉनची दोरी. पातळ फ्लीस आणि रेनजॅकेट, सप्टेंबरमध्ये डोंगरात रात्री थंडी पडते. बूट पायात बसलेले हवेत, ते विमानात पायातच घाल. आपले गोल दोन पिनांचे चार्जर तिथे चालतात. अंथरूण-पांघरूण गेस्टहाउसवाले देतात. ‘असू दे’ म्हणून जे भरतेस ना, चार ड्रेस, मेकअपचा पाऊच, दोन जास्तीच्या चपला, ते सगळं बाहेर काढ. काही राहिलंच तर तिराना मोठं शहर आहे, दुकानं आहेत.

तू शाकाहारी म्हणून खाण्याची काळजी करू नकोस. सकाळी पालकाचा किंवा चीजचा ब्युरेक, गरम, पातळ पापुद्र्यांचा. दुपारी फर्गेस, मिरची-टोमॅटोची, ताज्या चीजमध्ये शिजवलेली, फक्त मांस घातलेलं नाही ना विचार, काही ठिकाणी घालतात. डोंगरात घरची भाजी, दही, मक्याची भाकरी, आणि डोंगरी वनस्पतीचा चहा.

तिथलं चलन लेक, रोख जवळ ठेव. १९६५ मध्ये त्यांनी नोटेवरचं एक शून्य उडवलं पण बोलण्यात ते अजून टिकून आहे, कुणी दोनशेच्या वस्तूला दोन हजार म्हणालं तर घाबरू नको, शांतपणे विचार, जुने का नवे.

एकटीचं म्हणशील तर संध्याकाळी सगळं गाव रस्त्यावर फेऱ्या मारत असतं, आज्या, नातवंडं, पोरीबाळी, मला कुठेच परकं वाटलं नाही. फक्त फुर्गोन सकाळीच पकड, दुपारनंतर गाड्या विरळ होतात.

माझी राखाडी सॅक ठाण्याला आईकडे आहे, पंचा आणि दोरी तिच्यातच आहेत. रविवारी जाऊन घेऊन ये, मी आईला सांगून ठेवते, ती तुला जेवल्याशिवाय सोडणार नाही. आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख ठरली की लगेच कळव, मग आपण वाल्बोनाचा मुक्काम कधी ठेवायचा ते फोनवर बसून ठरवू.

तुझी,
मेघा