अकरा वर्षांच्या पोरांनी घालायचं काय?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मेन रोड ते कॉलेज रोड दोन रविवार पालथा घातला, लेकीला एक धड पँट मिळाली नाही. या वयात वर्षाला सहा-आठ सेंटीमीटर उंची वाढते, त्यातही आधी पाय लांबतात आणि धड मागून येतं, म्हणजे कमरेला बरोबर ती पँट घोट्याच्या वर आणि लांबीला बरोबर ती कमरेतून खाली! लेबलवर "११-१२ वर्षं" लिहितात, आता वय बघून कुणी वाढतं का? किड्स सेक्शनमध्ये सगळीकडे टिकल्या नि युनिकॉर्न, ते तिला नको, आणि लेडीजमधला टॉप खांद्यावरून उतरतो. एका दुकानात तर सेल्समन सगळ्यांसमोर "मुलगी जरा हेल्दी आहे" म्हणाला, ती ट्रायल रूममधून बाहेरच येईना.

शेवटी गल्लीतल्या टेलरकाकांकडे गेलो. त्यांनी खाली चार बोटं दुमड ठेवली, बाजूच्या शिवणीत माया म्हणजे जास्तीचं कापड सोडलं, म्हणाले दिवाळीपर्यंत दोनदा उसवून देतो. दुकानदारांनो, निदान कमरेचं आणि लांबीचं माप तरी लेबलवर छापायला सांगा की कंपन्यांना, आणि कंबर कमी-जास्त करायला आतून बटणाचं इलॅस्टिक असलेल्या पँटी जरा जास्त ठेवा.

– एक आई, इंदिरानगर, नाशिक