गोव्याहून इंपोर्टेड

फोंडा, गोवा
चवथीच्या आधीचा रविवार

प्रिय मंजू,
सप्रेम नमस्कार.

चिनूच्या साखरपुड्यासाठी गोव्यातून काय काय पाठवायचं, ती तुझी यादी मिळाली. फोनच केला असता, पण पार्लरमध्ये खुर्ची रिकामी राहत नाही आणि गिऱ्हाइकांदेखत बोलण्यासारखं हे नाही. म्हणून जेवणं आटोपून लिहायला बसलेय. यादीतलं निम्मं मी पाठवणार नाही, हे आधीच सांगते. रागवायचं असेल तर सगळं वाचून मग रागव.

‘गोव्यात इंपोर्टेड माल स्वस्त मिळतो’ हे तुझ्या नणंदेचं पालुपद एके काळी खरं होतं. पोर्तुगीज असताना भारताने नाकेबंदी केली, तेव्हा इथे बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून यायचं. आपले वडील सांगायचे ना, सीमेपलीकडे घड्याळं नि पेनं कशी लपवून जायची! १९६१च्या डिसेंबरात ते राज्य गेलं. आज इथे जो जकातीचा कायदा, तोच तुमच्या सांगलीला. पण नाव मागे राहिलं, आणि धंदा त्या नावावरच चाललाय. किनाऱ्याकडच्या टपऱ्यांवर ‘फॉरेनचं’ म्हणून जे टांगलेलं असतं, त्यातलं बरंचसं मुंबईच्या होलसेल बाजारातून रात्रीच्या बसने येतं. पर्यटक ते गोव्याची आठवण म्हणून परत मुंबईला नेतात. काजूंचीही तीच तऱ्हा. बाहेरचा काजू, पाकिटावर मात्र माडांचं चित्र आणि ‘गोवा’. फेणीला भौगोलिक मानांकन २००९ साली मिळालं, काजूला मिळायला २०२३ उजाडलं. आता निदान भांडायला कागद तरी आहे.

आता त्या क्रीमचं. चिनूने रीलमध्ये पाहिलेली ती सोनेरी झाकणाची डबी, सात दिवसांत गोरेपणा देणारी, मी हातात घेऊन पाहिली आहे. परवाच एक मुलगी थ्रेडिंगला आली होती. दोरा लावला आणि भुवईखालची कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटून आली. गालांवर लाल बारीक शिरांचं जाळं. विचारलं तर म्हणाली, ‘क्रीम बंद केलं की चार दिवसांत तोंड पेटतं, म्हणून परत लावते.’ हे स्टिरॉइडचं लक्षण. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही औषधं आहेत, डॉक्टरने मोजून द्यायची. २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. चिठ्ठी लागते ती केमिस्टकडे. बिननावाच्या डबीला कोण विचारतंय?

दुसऱ्या काही डब्यांत पारा असतो, आणि ते त्याहून वाईट. पारा त्वचेत रंग तयारच होऊ देत नाही, म्हणून फरक झटपट दिसतो. बायका एकमेकींना सांगतात आणि डबी खपते. पण तो कातडीतून आत जातो आणि किडनीवर बसतो. २०२३मध्ये केरळात मलप्पुरमच्या बाजूला डॉक्टरांकडे किडनीचे पेशंट येऊ लागले, पाय सुजलेले, लघवीतून प्रथिनं जाणारी. विचारता विचारता धागा निघाला तो गोरेपणाच्या क्रीमचा. आपल्याकडे २०२०चा सौंदर्यप्रसाधनांचा नियम सांगतो की अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायचाच नाही, चुकून राहिला तरी दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त नको. डबीवर ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरी’ने सुरू होणारं काही दिसलं, किंवा ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ असं छापलेलं असलं, तर ती सरळ कचऱ्यात. साखरपुड्याची अंगठी ज्या क्रीमपासून जपायची, ते चिनूच्या गालाला कशाला?

पण मंजू, बहुतेक डब्यांवर हे काहीच छापलेलं नसतं. म्हणून मी उलटं बघते. खरंच परदेशातून आलेल्या प्रसाधनावर इथला नोंदणी क्रमांक लागतो, आणि ज्याने नोंदणी केली त्याचं नाव-पत्ताही. बाधलं तर कुणाच्या दारात जायचं, ते कळायला हवं. तुझ्या डबीवर पाच भाषांत मजकूर आहे, गुलाबाचं चित्र आहे, पण माणूस कुठेच नाही.

नकली म्हटलं की मी नाक मुरडते असं समजू नकोस हं. बेन्टेक्सच्या पाटल्या मी स्वतः घालते, आणि तुझ्या यादीतला मोत्यांचा सेट तर हौसेने पाठवतेय. तो खोट्या मोत्यांचा आहे, दुकानदाराने खोटा म्हणून दिला आणि मी खोट्याचेच पैसे मोजले. त्यात कुणी कुणाला फसवलं?

रोहनला ते पांढरे इअरबड्स हवेत, तेही ‘गोव्यातून’. माझा भाचा म्हापशाला मोबाइल दुरुस्त करतो, त्याने मला नक्कल उघडून दाखवली. डबी उघडली की फोनवर अस्सल मालासारखंच चित्र उमटतं. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटीसुद्धा दाखवते, कारण नंबर कुठल्यातरी खऱ्या जोडीवरून उचललेला असतो. तेव्हा बिल देणाऱ्या दुकानातूनच घे म्हणावं, नाहीतर साधे देशी घे.

मेमरी कार्डाचं मात्र नीट ऐक, साखरपुड्याचं शूटिंग त्यावरच होणार आहे. पाचशे रुपयांत एक टीबी हे कार्ड नाही, थाप आहे. आत असते बत्तीस जीबीची चिप; वरचा कंट्रोलर फोनला खोटा आकडा सांगतो. बत्तीस भरेपर्यंत सगळं छान चालतं. पुढचे फोटो ‘सेव्ह’ झाल्यासारखे दिसतात, पण एक तर ते उघडत नाहीत, नाहीतर आधीचे पुसले जातात. कार्ड कुठलं वापरणार, हे फोटोग्राफरला विचारायला लाजू नकोस. चार्जर घेताना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि खाली ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बघ. तो बीआयएसच्या केअर अ‍ॅपवर टाकला की कुणाचा माल ते कळतं.

शेवटचं म्हणजे पाहुण्यांच्या गोव्यातल्या मुक्कामासाठी तू बघितलेला इथल्या शिवोलीचा व्हिला. ती लिंक पाहिली आणि मी हसू की रडू अशी झाले. अगं, ते आमच्या धाकट्या दिरांचं घर! बल्कांवावरचा, म्हणजे पुढच्या ओसरीवरचा झोपाळा तोच, तुळशीवृंदावनही तेच. फक्त बांय (विहीर) आहे तिथे निळाशार स्विमिंग पूल चिकटवलाय. मे महिन्यात नागपूरचं एक कुटुंब आजी-आजोबांसकट, बॅगा घेऊन दारात उभं राहिलं. ॲडव्हान्स कुणा भलत्याच्याच खात्यात गेलेला. त्यातले आजोबा फोनमधला फोटो आणि समोरचा झोपाळा आलटूनपालटून बघत होते. ‘घर तर हेच आहे,’ एवढंच परत परत म्हणायचे. दिरांनी दोन खोल्या मोकळ्या करून दिल्या, जावेने पेज वाढली, आणि मुलाने १९३० वर फोन लावून तक्रार नोंदवली. तो नंबर सायबर फसवणुकीचा. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर खातं गोठवता येतं. जाहिरात उतरली म्हणे. आणि आता तू पाठवलेली लिंक! तोच झोपाळा, नवं नाव, वर पंचतारांकित अभिप्राय. तू अजून पैसे पाठवले नसशील तर पाठवू नकोस. पाठवले असशील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी १९३० ला फोन लाव.

पाहुण्यांची सोय मी बघते. दिरांकडे खऱ्याच चार खोल्या आहेत, पूल नाही, बांयीचं पाणी गार आहे. भाडं तुम्ही दोघं बोलून ठरवा, मला मध्ये घेऊ नका.

पार्सलमध्ये मोत्यांचा सेट, दोन किलो काजू (सावर्ड्याच्या आत्याकडचे, भाजताना मी समोर होते) आणि सोलं (आमसुलं) आहेत. चिनूला म्हणावं, तोंडाला काही लावू नकोस, फक्त उन्हातून जाताना सनस्क्रीन. मेकअपला मी आदल्या दिवशी येते. येताना माझीच पेटी आणेन. तिथल्या मेकअपवाल्या मुलीला आगाऊ पैसे दिले असतील तर मेहंदीचं काम दे तिला. आणि चिनूचा रंग आहे तोच मी ठेवणार, नणंदेला हे तूच आधी सांगून ठेव. माझ्या तोंडून निघालं तर वाद होईल.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
शुभा