कागलजवळच्या गॅरेजवाल्या काका, तुमचा गूळ पोचला

काका, नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचाल असं वाटत नाही, तुमच्या खिशात बटणाचा फोन होता तो मी बघितलाय, पण तुमच्याकडचा पोरगा दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असतो हे तुम्हीच शिव्या घालत सांगितलं होतंत, त्यामुळे फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचलं तर तो वाचून दाखवेल एवढ्या आशेवर लिहितेय. नंबर घ्यायचा राहिला आमचा. तुमचं नावसुद्धा विचारलं नाही, याची आता लाज वाटते.

ओळख सांगते. डिसेंबरमध्ये पुण्याहून कन्याकुमारीला निघालेलं जोडपं, काळी पल्सर १५०, मागे डोंगराएवढं सामान. कोल्हापूर सोडून कागलच्या अलीकडे तुमच्या दारात थांबलो तेव्हा माझा नवरा पांढराफटक पडला होता आणि मी त्याच्यावर ओरडत होते. आठवलं असेलच.

झालं होतं असं की पहाटे साडेचारला पुणं सोडलं तेव्हापासूनच गाडी वेगळी वागत होती. अंधारात समोरून येणारे सगळे आम्हाला डिपर मारत होते, आम्ही म्हटलं पुढे पोलीस असतील, चांगली माणसं आहेत, सावध करतायत. सातारा सोडल्यावर मला मागे बसून जाणवायला लागलं की गाडीचा मागचा भाग हळूहळू डावीकडे जातोय, मग उजवीकडे, पाळण्यासारखा. मी बोलले तर नवरा म्हणाला तू हलतेस म्हणून होतंय, नीट बस. मी नीटच बसले होते! कराडच्या पुढे ऐंशी-पंच्याऐंशीला एका ट्रकला ओव्हरटेक करताना ट्रकच्या वाऱ्यातून बाहेर पडलो आणि हँडल थरथरायला लागलं, त्याने स्पीड कमी केला, थांबलं, म्हणाला रस्ता खराब होता. मग कोल्हापूरच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकताना तेच परत झालं आणि या वेळी याने घाबरून हँडल आवळून धरलं आणि ब्रेक दाबला, गाडी पूर्ण साप झाली, दुसऱ्या लेनमध्ये जाऊन आलो आम्ही. मागे कुणी नव्हतं म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.

त्यानंतर पहिलं जे गॅरेज दिसलं ते तुमचं.

आता ज्याच्यासाठी मुख्य आभार मानायचेत ते सांगते. नवरा घडाघडा सांगायला लागला, हँडल थरथरतंय, कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला असणार, टायर असणार, बेअरिंग असणार. (तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे त्याने तुम्हाला पहिल्या मिनिटातच सांगितलं होतं.) तुम्ही त्याचं सगळं ऐकून घेतलंत आणि मग माझ्याकडे वळून विचारलंत, "ताई, मागं बसून तुमास्नी काय वाटतंय? आधी हँडल हलतंय का आधी बूड हलतंय?" सकाळपासून मला कुणी काही विचारलेलं पहिलंच वाक्य होतं ते. मी म्हटलं आधी मागचं डुलतं, हँडल नंतर. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात की मग कोनसेट नंतर बघू, आधी बिस्तरा बघू, म्हणजे आमचं सामान.

मग तुम्ही गाडी डबल स्टँडला लावायला सांगितली, सामान न सोडता. लावली तर पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं वर! एरवी आमच्या गाडीचं डबल स्टँडला मागचं चाक वर असतं आणि पुढचं टेकलेलं असतं, चेनला ऑइल सोडताना आम्ही तसंच फिरवतो मागचं चाक. तुम्ही एका बोटाने पुढचं चाक फिरवून दाखवलंत, ते गरागरा फिरत राहिलं. मग कॅरियरवरची मोठी बॅग सोडून खाली ठेवलीत आणि पुढचं चाक ठप्पकन खाली बसलं. नवरा गप्प झाला.

"बैलगाडी बघिटली हाय का कधी? मागं ऊस ज्यास्त झाला की गाडी उलाळ हुतीया, जू बैलाच्या मानंवरनं उचलतंय, मग बैल वडणार काय आन वळणार काय. तुमची गाडी उलाळ झालीया." त्याच वेळी समोरून कारखान्याकडं जाणारी उसाची बैलगाडी चालली होती, तुम्ही हात करून दाखवलंत की बघा, भार कसा चाकाच्या मधोमध आणि जरासा पुढं घेतलाय. मी पुण्यात वाढलेली, उलाळ हा शब्दच मला माहीत नव्हता. घरी येऊन आजीला विचारला तर ती म्हणाली, अगं उलाळ आणि धुरजड, मागे जड आणि पुढे जड, हे तर आमच्याकडे पोरासोरांना कळायचं.

नंतर हुबळीच्या लॉजवर नवऱ्याने कागदावर हिशोब मांडला (मांडणारच). कॅरियरवरची बॅग १७ किलो, मागच्या चाकाच्या आसापासून साधारण ३० सेंटीमीटर मागे लटकलेली, आपल्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १३२ सेंटीमीटर. म्हणजे ती एकटी बॅग पुढच्या चाकावरचं जवळजवळ चार किलो वजन काढून घेत होती, आणि मागच्या चाकावर स्वतःच्या १७ ऐवजी २१ किलो टाकत होती. चार किलो ऐकायला काहीच नाही, पण त्यात मी मागे बसलेली, शॉकअप दबून मागचा भाग खाली बसलेला, त्यामुळे पुढचा फोर्क आणखी तिरपा झालेला आणि हेडलाइट आभाळात. डिपर कशासाठी मारत होते ते तेव्हा कळलं. पोलीस वगैरे काही नव्हते हो, लोकांच्या डोळ्यात आमचा लाइट जात होता.

तर वजन. तुम्ही पोराला पाठवून सगळ्या बॅगा शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर टाकायला लावल्यात, तेव्हा मला हसू येत होतं, पण आकडे बघून गेलं. कॅरियरवर १७, डाव्या सॅडलबॅगमध्ये ९, उजव्या बॅगमध्ये ४. उजवी अर्धी रिकामी का, तर खाली सायलेन्सर, बॅग जळेल म्हणून आम्हीच भरली नव्हती. म्हणजे मागे जड ते जड आणि वर एका बाजूला पाच किलोचा फरक. आणि १७ मध्ये सगळ्यात वर काय बांधलेलं, तर पाण्याचा पाच लिटरचा कॅन! तुम्ही विचारलंत की कन्याकुमारीपर्यंत पाणी मिळत नाही का. मग एकेक वस्तू बाहेर काढून विचारत गेलात, हे कशाला, हे कशाला, आणि इस्त्री निघाली तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसतं चहावाल्या मावशींकडं बघितलंत. इस्त्री माझी नव्हती हे मला इथे जाहीरपणे नोंदवायचंय.

पाच लिटर पाणी ओतलं, इस्त्री, ट्रायपॉड, जादा बूट असं सहा किलो तुमच्याकडं ठेवलं, राहिले १९. त्यातलं जड ते सगळं, म्हणजे पाने, स्पेअर ट्यूब, पंप, चार्जर, दोन्ही सॅडलबॅगमध्ये तळाला आणि जमेल तेवढं पुढच्या अंगाला, माझ्या मांडीच्या खाली येईल असं, दोन्हीकडं सात-सात किलो बरोबर काट्यावर मोजून. उजव्या बॅगेसाठी तुम्ही एक सळई वाकवून सायलेन्सर आणि बॅगेच्या मध्ये टेका करून दिलात. कॅरियरवर फक्त कपडे आणि रेनकोट, तीन किलो. टाकीवरच्या बॅगेत दोन किलो, कारण नवऱ्याला वाटलं आता सगळंच पुढे टाकू आणि तुम्ही म्हणालात की धुरजड बी करायची न्हाई, बैलाच्या मानंवर बसतंय. ती बॅग लावल्यावर हँडल पूर्ण उजवीकडं फिरवून बघितलंत तर बॅग दाबून हॉर्न वाजायला लागला, मग ती मागे सरकवलीत. आम्ही घरी हे कधी केलंच नसतं आणि एखाद्या यू-टर्नला हँडल अडकून पडलो असतो.

आमच्या हुकवाल्या बंजी (ताणणाऱ्या रबरी दोऱ्या) तुम्ही ओढून बघितल्यात आणि बाजूला फेकल्यात. म्हणालात, हे ताणतंय म्हणजे बॅग पण हलतीया, बॅग हलली की गाडीला मागनं ढकलती. मग जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून दिल्यात आणि बांधायच्या कशा ते मला दाखवलंत, नवऱ्याला नाही, मला. पट्टीचा एक फेर बॅगेच्या हँडलमधून, एक फ्रेमला, आणि शेवटची गाठ अशी की एका झटक्यात सुटेल. बांधून झाल्यावर बॅग धरून हलवायची, बॅगेबरोबर अख्खी गाडी हलली पाहिजे, नुसती बॅग हलली तर परत बांधायचं. हे मी रोज सकाळी केलं. नवऱ्याला हात लावू दिला नाही.

हवेचं थोडं सांगते, कारण आमच्या मित्रांपैकी निम्म्यांना हे माहीत नाहीये. मागच्या टायरमध्ये २४ निघाली होती, आमच्या गाडीला दोघं असताना मागे ३२ आणि पुढे २५ लागते, मागच्या आठवड्यात भरलीय म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तुम्ही लगेच भरली नाहीत, टायर गरम आहे, आत्ता भरली तर काटा खोटं बोलतो म्हणून चहा पाजलात आणि अर्ध्या तासाने भरलीत. तोपर्यंत हुक पान्याने मागचे दोन्ही शॉकअप दुसऱ्या खाचेवरून चौथ्या खाचेवर नेलेत, दोन्हीकडं सारखे, आणि मग सामानासकट आम्हा दोघांना बसवून चेनचा ढिलेपणा बघितलात, कारण रिकाम्या गाडीवर बरोबर दिसणारी चेन वजनाने आवळते. कोनसेटही शेवटी बघितलात, पुढचा फोर्क मागे-पुढे हलवून. ठणठणीत होता. "दोष गाडीचा न्हाई, बिस्तऱ्याचा" हे वाक्य आता आमच्या घरात कशालाही वापरतात.

पैसे किती घेतलेत, तर हवेचे वीस. सळईचे नाही, ट्यूबचे नाही, दीड तासाचे नाही, आणि चहा वर तुमचा. मी पर्स काढली तर म्हणालात, पोचल्यावर बोला.

निघताना नवऱ्याला बाजूला घेऊन जे सांगितलंत ते त्याने मला बऱ्याच पुढे जाऊन सांगितलं, की परत कधी डुललीच तर हँडल आवळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची आणि ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा. आणि वजन असताना गाडी उशिरा थांबते, म्हणून ब्रेक आधी लावायचा. आणि शेवटचं, "मागच्या माणसाचं ऐकायचं, त्याला आधी कळतंय." हे शेवटचं त्याने स्वतःहून सांगितलं म्हणून त्यालाही थोडे मार्क.

तर पोचलो काका. धारवाड, चित्रदुर्ग, बेंगळुरू, मग कृष्णगिरीवरून सेलम, मदुराई, तिरुनेलवेली. गाडी एकदाही डुलली नाही. सगळ्यात जास्त तुमची आठवण आली ती शेवटच्या टप्प्यात, आरलवायमोळीच्या खिंडीत, मुप्पंदलच्या पवनचक्क्या आहेत तिथे. नजर जाईल तिकडे पवनचक्क्या, त्या दिवशी सगळ्या काही फिरत नव्हत्या, पण खिंडीतून आडवा वारा गाडीला बाजूने असा हात लावायचा की पोटात गोळा. एक कंटेनर ओलांडताना त्याच्या आडोशातून बाहेर आलो आणि वाऱ्याचा फटका बसला, गाडी एक वीतभर सरकली आणि आपली आपण सरळ झाली. एवढंच. नवरा हेल्मेटमधून ओरडला, "बैल चांगलेत!" मी मागून त्याच्या पाठीवर थाप मारली. तो डुगडुगणारा डोंगर घेऊन तिथे आलो असतो तर काय, यावर आम्ही दोघंही बोलत नाही.

परत येताना तुम्हाला भेटायचंच होतं. पेढे घेतले होते धारवाडचे. पण तुमचं शटर बंद, चहावाल्या मावशी म्हणाल्या की काका पाहुण्यांकडं लग्नाला गेलेत, दोन दिवसांनी येतील, आणि त्यांनी स्टॉलच्या आतून आमची पिशवी काढून दिली. पेढे त्यांच्याकडं ठेवले होते, मिळाले ना? का पोराने संपवले?

पिशवी उचलली तेव्हाच जड लागली मला. आता मला हाताला कळतं. मावशी गालात हसत होत्या. उघडून बघितलं तर इस्त्रीशेजारी पेपरात गुंडाळलेली गुळाची ढेप, चांगली दोन किलोची. काका, जाताना सहा किलो कमी करायला लावलंत आणि येताना दोन वाढवून दिलेत, हा कुठला न्याय?

भंगारवाल्याकडं परत काटा मागितला, तो मला बघून हसायलाच लागला. इस्त्री कॅरियरवर जाईल असं नवरा म्हणत होता, मी जाऊ दिली नाही. गूळ डाव्या बॅगेत, तळाला, पुढच्या अंगाला. उजवीकडं पाने आणि इस्त्री. दोन्हीकडं साडेआठ-साडेआठ भरले.

तुमची,
मागे बसलेली ताई