नायिकेचं नाव कुणी बदललं?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कादंबरीकारांच्या मनमोकळ्या गप्पांचा वृत्तान्त काल आपल्या अंकात वाचला. अर्धं पान दिलंत, फोटोही छान आलेत. मी स्वतः गेलो नव्हतो. गुडघ्यांमुळे सभागृहाच्या पायऱ्या जमत नाहीत, आणि आमच्यासारख्यांना बोलावतंय कोण! पण चौकटीत जाड टायपात जे छापलंय ते वाचता वाचता चहा निवला. आज सकाळी परत वाचलं, राग तेवढाच. म्हणून हे पत्र.

चौकटीतले ज्येष्ठ कादंबरीकार (नाव मी घेत नाही, आपण दोनदा छापलंय) म्हणतात की त्यांच्या कादंबरीतल्या नायिकेचं नाव मध्येच बदलतं, ते त्यांनी बदललंच नाही, तिनं ते बदलून घेतलं. एका रात्री ती त्यांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘मी आता ती राहिले नाही.’ ‘मी फक्त लेखनिक होतो,’ इति लेखक. पुढे आपल्या वार्ताहराने कंसात टाळ्या वाजवल्यात.

महोदय, ती रात्र नव्हती. सकाळचे साडेअकरा वाजले होते, साल १९७८, जागा गणपती पेठेमागच्या बोळातला छापखाना. आणि त्यांच्यासमोर जो उभा होता तो मी होतो, हातात अक्षरं जुळवायची स्टिक घेऊन.

मी जुळारी. हल्लीच्या पोरांना हा शब्द सांगितला तर लग्न जुळवणारा समजतात, आणि या प्रकरणात ते अगदीच चूक नाही, ते पुढे येईलच. खणातला एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलायचा, उलटा वाचायचा, स्टिकमध्ये लावायचा, ओळ भरली की गॅलीवर, म्हणजे लांबट तबकात, उतरवायची. छापखाना लहान, खिळे मोजके. सोळा पानांचा एक फर्मा छापून झाला की खिळे सोडवून परत खणात टाकायचे, तेव्हा कुठे पुढची पानं जुळायची. म्हणजे छापलेलं पान हे छापलेलं पान. तिथे मागे जाता येत नाही.

या कादंबरीची नायिका शालिनी. लेखकाला नायिका आवडते, जुळाऱ्याला ती कोणत्या अक्षराची आहे याची काळजी असते. दर पानाला सात-आठदा शालिनी, आमच्या खणातला ‘श’ कायम संपलेला. तीन फर्मे छापून, घडी घालून झाले होते. अकराशे प्रतींचे तीन फर्मे, म्हणजे ३३०० कागद, साडेसहा रीम. चौथ्याची पानं लागलेली. आणि हे गृहस्थ घाईघाईने जिना चढून आले की शालिनी काढा, रेवती करा. पहिल्या पानापासून.

कारण काय? ते साहित्यिक नव्हतं, एवढंच सांगतो. त्यांच्या घरीही आपलं वर्तमानपत्र जातं, आणि या वयात कुणाच्या संसारात काडी टाकायची माझी इच्छा नाही.

मालक म्हणाले, साडेसहा रीम कागद रद्दीत घालणार असाल तर आधी त्याचे पैसे इथे ठेवा. लेखक घामाघूम. पैसे नव्हते, आधीचंच बिल हप्त्याने चाललं होतं. दहाएक मिनिटं कुणी बोललं नाही. मग मी, वय वर्षं सव्वीस, मध्ये तोंड घातलं. म्हटलं, साहेब, अठ्ठेचाळीसाव्या पानावर पोरीचा साखरपुडा झालाय. एकोणपन्नासावर लग्न लावून टाका. सासरी नाव बदलतंच की. बदलू दे हिचंही.

गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या कथेत ते लग्न मोडणार होतं, तसं त्यांनी मालकांना पूर्वी सांगितलेलं. पण तिथेच, आमच्या दगडी टेबलाशी उभं राहून, एका गॅलीप्रुफाच्या, म्हणजे तपासायला काढलेल्या कच्च्या छापाच्या, पाठीमागे त्यांनी तो प्रसंग लिहिला. ताटात तांदूळ पसरलेत, नवरा नवं नाव लिहितोय, वगैरे. त्यांनी ‘बोटाने’ लिहिलं होतं. मी सांगितलं, अंगठीने लिहितात. त्यांनी ‘बोटाने’ खोडून ‘अंगठीने’ केलं, तांबड्या शाईत, माझंच पेन घेऊन. ते पेनही गेलं.

राहिलेलं काम आमच्या गळ्यात. रेवती अंगाने बारीक, शालिनी रुंद. चौथ्या फर्म्यातली प्रत्येक ओळ सोडायची, नाव बदलायचं, रिकाम्या जागेत स्पेस कोंबून ओळ परत घट्ट करायची. दोन रात्री मी आणि माझा जोडीदार चिमण्या लावून बसलो होतो, कारण वीज गेलेली. लेखक तेव्हा घरी झोपले असणार. नायिका कुठल्या टेबलासमोर येऊन उभी होती ते त्यांनाच ठाऊक.

पुढे ते तांदळाचं ताट फार गाजलं. स्त्रीची ओळख पुसली जाण्याचं प्रतीक आहे, असं लोकांनी लिहिलं. असेलही. मी कादंबरीतलं काही कळण्याचा दावा करत नाही, मी ती फक्त उलटी वाचली आहे.

आता या गप्पांना मनमोकळ्या म्हणायचं म्हणजे कमाल आहे. मोकळं बोलणं मी एकदा ऐकलंय. १९७५ ला कऱ्हाडच्या संमेलनाला छापखान्यातले आम्ही तिघे एस.टी.ने गेलो होतो. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, आणीबाणी चालू, यशवंतराव चव्हाण हजर, आणि बाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी भर मंडपात प्रार्थना करायला लावली. तिथे बोलायला छाती लागत होती. इथे तर कुणी रॉयल्टीचा ‘र’सुद्धा काढला नाही. अकराशेतल्या किती प्रती मालकांच्या जिन्याखाली पडून होत्या, त्या पिशवीत घालून लेखक स्वतः कुठल्या कुठल्या वाचनालयांच्या पायऱ्या झिजवत होते, हे सांगितलं असतं तर मीही घरी बसून टाळी दिली असती. त्यात लाज कसली? उलट मला त्या पिशवीचाच आदर आहे.

निवेदिकेने म्हणे सुरुवातीला जिल्ह्याची सगळी थोर नावं घेतली. खांडेकर सांगलीचे, अण्णाभाऊ वाटेगावचे, व्यंकटेश माडगूळकर माडगूळचे. बरोबर आहे, अभिमान मलाही आहे. पण याच खांडेकरांची दृष्टी गेली तेव्हा ते सांगत आणि दुसरं कुणी लिहून घेई. लेखनिक म्हणतात तो त्याला. स्वतःच्या कादंबरीचा लेखनिक म्हणवून घेणं ही नुसती विनयाची फॅशन झाली.

पुरावा मागाल, म्हणून सांगतो. मला मिळालेली भेटप्रत २०१९ च्या ऑगस्टात पुराच्या पाण्यात गेली. गावभागात आमच्या घरात पाणी कमरेच्या वर होतं, खालच्या फळीवरचं सगळं लगदा झालं. पण ते गॅलीप्रूफ माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होतं. आहे अजून. पिवळं पडलंय, घडीवर फाटलंय, पण ‘बोटाने’वरची तांबडी रेघ स्वच्छ दिसते. आपल्या वार्ताहराला पाठवा, दाखवतो. भडंग आणि चहाही देईन.

वार्ताहर येईलच तर आणखी एक. त्याच वृत्तान्तात ‘कांदबरी’ असं तीन ठिकाणी छापलंय. कां-द-ब-री. एकदा झालं तर हात चुकला म्हणू, तीनदा म्हणजे वाचलंच नाही. आता खिळे नाहीत, शिसं नाही, बोटं काळी होत नाहीत, सगळं पडद्यावर एका बटणात दुरुस्त होतं म्हणतात. मग ते बटण दाबायला माणूस ठेवला आहे की नाही? आमच्या मालकांनी असल्या चुकीला दिवसाची मजुरी कापली होती. माझीच.

माझी एक चूक मात्र कबूल करतो. त्या कादंबरीत पान ११३ वर, खालून चौथ्या ओळीत, एक शालिनी तशीच राहिली. मूळ हस्तलिखितात शालिनी होतं, मनातल्या मनात रेवती करत जुळवत होतो, एकदा विसरलो. प्रूफ वाचणाऱ्याच्याही नजरेतून सुटली. काही वर्षांनी एका प्राध्यापकांच्या व्याख्यानात ऐकलं की त्या एका ओळीत नायिकेची जुनी ओळख उसळून वर येते, आणि लेखकाच्या प्रतिभेचा कळस तो तिथेच आहे. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. काही बोललो नाही.

आपला,
एक निवृत्त जुळारी
गावभाग, सांगली

ता. क. जागेअभावी पत्र कापणार असालच तर कऱ्हाडचं कापा. तांदळाचं ताट आणि पान ११३ राहू द्या. आणि कृपा करून प्रूफ एकदा वाचा.