परतीचा नाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की मेळघाट, चिखलदरा, नरनाळा, सालबर्डी या भागांत नाल्याकाठच्या पायवाटांवर गर्दी वाढते. 'पुरात अडकले', 'वाहून गेले' अशा बातम्याही मग येऊ लागतात. बहुतेक बातम्यांत पूर 'अचानक' आलेला असतो आणि शेवटी 'पर्यटकांनी काळजी घ्यावी' एवढं वाक्य असतं. काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

सातपुड्यातल्या अरुंद खोऱ्यात वाट एकाच काठाने जाऊ शकत नाही. कडा आडवा आला की ती पलीकडे जाते आणि पुढे परत अलीकडे येते. चार-पाच किलोमीटरच्या वाटेत सहा-सात वेळा पाण्यात उतरावं लागतं आणि येताना तेवढ्याच वेळा पुन्हा. सकाळी पाणी घोट्याएवढं दिसतं, लोक पुढे जातात आणि अडकतात ते दुपारी. म्हणून प्रत्येक उतारावर, म्हणजे नाला ओलांडायच्या जागी, जातानाच विचारायचं: हे पाणी वीतभर चढलं तर इथून परत येता येईल का? नसेल येता, तर तिथूनच मागे फिरायचं. सकाळी तो उतार कितीही सोपा दिसला तरी.

पूर 'अचानक' वाटतो, कारण पाऊस आपल्या डोक्यावर पडलेला नसतो. चिखलदऱ्याचं पठार सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि पायथ्याचं परतवाडा त्याच्या निम्म्याहूनही खाली. वर धो-धो कोसळत असतं तेव्हा खाली ऊन असू शकतं. डोंगरउतारावर मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. जूनमधल्या पहिल्या सरी ही माती पिऊन टाकते. दोन-तीन दिवस झड लागली की तिची तहान संपते आणि पुढचा पाऊस जवळजवळ सगळाच नाल्यात येतो. जूनमध्ये ज्या सरीने नाला हलला नाही, तीच सर ऑगस्टमध्ये कमरेएवढं पाणी आणते. मागच्या तीन दिवसांत वर किती पाऊस झाला, हे आजच्या आभाळाइतकंच महत्त्वाचं आहे.

पाणी चढण्याआधी नाला खुणा देतो. नितळ पाणी गढूळ होतं. मग पालापाचोळा, काड्या आणि फेस येऊ लागतो. आवाज बदलतो, खळखळ भरीव होते आणि तळाचे गोटे एकमेकांवर आपटल्याचा ठक्-ठक् आवाज येतो. गोटे वाजू लागले की त्या पाण्यात पाय घालायचा नाही. शंका असेल तर पाण्याच्या कडेला, अगदी रेषेवर, एक काडी रोवा आणि दहा मिनिटं बघा. काडीभोवती पाणी आलं म्हणजे नाला चढतोय. वेग मोजायलाही घड्याळ लागत नाही. वाळकी काडी प्रवाहात टाका आणि तिच्या बाजूने काठावर चाला. ती तुमच्या चालीपेक्षा जोरात गेली आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर थांबा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. जोराच्या पाण्याला उभ्या माणसाला पाडायला १५ सेंटिमीटर खोली पुरते, आणि हलकी मोटार उचलायला सुमारे ३० सेंटिमीटर. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, गाडी घालणाऱ्यांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. गढूळ पाण्याखाली रपट्याची कड खचलेली आहे की नाही, हे गाडीत बसून दिसत नाही.

उतरायचं कुठे, हेही ठरलेलं असावं. अरुंद जागी उडी मारून जाण्याचा मोह होतो, पण तिथेच पाणी सर्वांत खोल आणि जोराचं असतं. पात्र पसरट आहे आणि पाणी बारीक गोट्यांवरून पसरून वाहतं, अशी जागा शोधा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला खोली जास्त, तिथून नको. सपाट पाषाणाची फरशी दिसायला सोयीची, पण तिच्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो आणि मध्येच रांजणासारखे खळगे, जे गढूळ पाण्यात दिसत नाहीत. उतरण्याआधी खालच्या बाजूला शंभर पावलं बघून या. पाय सुटला तर आपण कुठे जाऊ? खाली धबधबा, डोह किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा सोडा. आडवं झाड सर्वांत वाईट. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस तिथेच दाबला जातो.

हातात खांद्याएवढी लाठी हवी. आपल्याकडच्या मानवेल बांबूची भरीव लाठी यासाठी उत्तम, वाळकी फांदी ऐन वेळी मोडते. बूट काढू नका. अनवाणी पाय गोट्यांत अडकतो, चप्पल वाहून जाते, गमबुटात पाणी भरलं की पाय उचलत नाही. रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट सगळ्यांत बरे. जीन्स भिजली की जड होते, तीही नको. पाठपिशवीचे छातीचे आणि कमरेचे बक्कल सोडून ठेवा, म्हणजे पडल्यास पिशवी टाकता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करा, लाठी पुढे टेका आणि बाजूबाजूने सरका, किंचित खालच्या दिशेला तिरपे. एका वेळी एकच पाय किंवा लाठी हलवायची, उरलेले दोन आधार पक्के. तिघं असाल तर एकमेकांचे खांदे धरा आणि सर्वांत दणकट माणूस वरच्या बाजूला ठेवा.

कमरेला दोर बांधून पाण्यात उतरण्याची पद्धत सर्रास दिसते. ती घातक आहे. पाय सुटला की दोर ताणतो आणि पाणी माणसाला तळाशी दाबून धरतं. काठावरचे जितके जोरात ओढतील तितकं ते वाढतं. वाहून गेलातच, तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवा आणि पाणी उथळ होईपर्यंत उभं राहू नका. जोराच्या पाण्यात उभं राहायला गेलं की पाऊल दोन गोट्यांत अडकतं. काठावरच्यांनी लाठी पुढे करावी, दोर फेकावा. मागोमाग उडी मारू नये.

दोन उतारांच्या मध्ये अडकलात तर काय? काठावर उंच चढा आणि थांबा. हा सल्ला लोकांना पटत नाही, पण मेळघाटातले छोटे नाले चढतात तसेच भरभर उतरतात. वरचा पाऊस थांबला की बहुधा काही तासांत वाट मोकळी होते. म्हणून पिशवीत फुटाणे-गूळ, एक कोरडा सदरा, टॉर्च आणि शिटी असावी. गावात कुणाला तरी परतण्याची वेळ सांगून निघा, खोऱ्यात मोबाईलला रेंज नसते. थांबताना एकट्या उंच झाडाखाली मात्र उभं राहू नका, विजा पडतात. गडचिरोलीकडे हा काही तासांचा हिशोब चालत नाही. तिथल्या नद्या मोठ्या आणि जमिनीचा उतार कमी. भामरागडची पर्लकोटा चढली की पाणी पुलावर ठाण मांडून बसतं आणि गावांचा संपर्क तुटतो. तिकडे पुराच्या दिवसांत निघायचंच नाही.

ऑक्टोबरनंतर पाणी नितळ आणि कमी होतं, तेव्हा धोका पाण्याबाहेर असतो. छातीएवढ्या गवतात वाट दिसत नाही. नाल्याच्या खळखळाटात अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही, म्हणून वळणावर मोठ्याने बोलत जा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली पहाटे जाऊ नका, फुलं खायला अस्वलं येतात. उन्हाळ्यात नाला आटला की उरलेल्या डोहांवर सगळं रान पाण्याला येतं. तिथे बसून जेवण करणं, कड्यावर आग्या मोहोळ असताना धूर करणं टाळा. गवतातून फिरून आल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी ताप आला, तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्क्रब टायफस चिगर नावाच्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होतो. वेळेत ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो.

व्याघ्र प्रकल्पात पायी फिरणं वनविभागाने परवानगी दिलेल्या वाटांवरच, तेही स्थानिक वाटाड्याला घेऊनच. इथल्या कोरकू आदिवासींपैकी वाटाड्या 'आज नको' म्हणाला की वाद घालू नये.

दोन मागण्या आहेत. पहिली वनविभागाकडे. वाटेच्या सुरुवातीला पाटी लावावी आणि तिच्यावर उतार किती, परतीची शेवटची वेळ कोणती, एवढंच असावं. प्रत्येक उतारावर न हलणाऱ्या मोठ्या दगडावर गुडघ्याच्या उंचीला लाल पट्टा रंगवावा. पट्टा बुडाला तर वाट बंद. रंगाचा एक डबा आणि वनमजुराचा एक दिवस, एवढाच खर्च.

दुसरी मागणी आपल्या दैनिकाकडे. पावसाळ्यात धरणांचा जलसाठा आपण छापता. महसूल मंडळनिहाय पावसाची नोंदही रोज होते, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की त्याला अतिवृष्टी धरतात. जुलै ते सप्टेंबर दर शनिवारी चिखलदरा, सेमाडोह, चुर्णी आणि धारणी भागांतला मागच्या तीन दिवसांचा पाऊस पहिल्या पानावर चौकटीत द्यावा. रविवारी निघणारे लोक शनिवारीच बेत ठरवतात.

आपला,
एक वाचक,
परतवाडा, जि. अमरावती