नस गप्प आहे म्हणून दात मेला असे नव्हे

संपादक महोदय,

करोनाच्या काळात फाटकाफाटकावर कपाळासमोर धरली जाणारी तापमापक ‘बंदूक’ सर्वांच्या ओळखीची झाली. तसाच उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा धरून दात जिवंत आहे की नाही ते कळते का, असे अलीकडे रुग्णच विचारतात, म्हणून हे पत्र.

दाताच्या गाभ्यातील मऊ भागाला आम्ही पल्प म्हणतो, रुग्ण ‘नस’ म्हणतात. त्यात मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्याही असतात आणि पल्प जगतो तो रक्तावर. आमच्या नेहमीच्या चाचण्या मात्र, गार फवारा मारलेल्या कापसाच्या बोळ्याची असो वा सौम्य विजेची, फक्त मज्जातंतूंना विचारतात. मार लागलेल्या दातातले मज्जातंतू काही आठवडे, कधी तीन महिनेही, उत्तर देत नाहीत. रक्तपुरवठा मात्र शाबूत असू शकतो. सायकलवरून पडलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाच्या वरच्या पुढच्या दाताला मी बोळा लावला, तर तो नुसता छताकडे बघत राहिला. शेजारच्या दाताला लावताच त्याने झटकन मान मागे घेतली. रूट कॅनाल आजच उरकून टाका, असा आईचा आग्रह होता. मी थांबलो, कारण त्या वयात मुळाचे टोक पुरते मिटलेले नसते आणि पल्प गेला की मुळाची वाढ तिथेच खुंटते. तिसऱ्या महिन्यात बोळा टेकताच त्याने माझा हात ढकलला.

थर्मल कॅमेरा विचारतो ते रक्ताला. दात गार हवेने थंड करायचा आणि आतल्या रक्तामुळे तो पुन्हा किती वेगाने ऊब धरतो ते टिपायचे, ही ती पद्धत. कल्पना नवी नाही. दंतवैद्यकात थर्मोग्राफीची, म्हणजे अशा उष्णता-चित्रणाची, चाचपणी १९६६ सालीच झाली होती. अडचण अशी की कॅमेऱ्याला दिसतो तो केवळ पृष्ठभाग. इनॅमल (दाताचे बाहेरचे कठीण कवच) आणि त्याखालचा डेंटीनचा थर उष्णता सावकाश वाहून नेतात, हिरडी व हाडाची ऊब मेलेल्या दातालाही मिळते, आणि तोंडाने घेतलेला एक श्वास सारे मोजमाप बिघडवतो. म्हणून रबर डॅम (दात तोंडापासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा), खोलीचे स्थिर तापमान आणि त्याच तोंडातील निरोगी जोडीदार दाताशी तुलना, एवढे सांभाळल्याशिवाय त्या रंगीत चित्राला अर्थ नाही.

दंत महाविद्यालयांच्या बालदंत विभागांत मार लागलेले दात नेहमीच येतात. तिथे ही पद्धत रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरच्या जोडीने तपासून पाहावी. तोवर अशा चित्रावरून, किंवा गप्प राहिलेल्या एका बोळ्यावरून, कोणी मुलाच्या दाताचे रूट कॅनाल सुचवले, तर पालकांनी चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा करता येईल का, एवढे जरूर विचारावे. सूज, ठणका वा एक्स-रेमध्ये मुळापाशी बिघाड असेल तर गोष्ट वेगळी.

– एक दंतवैद्य, सातारा