पावती रॉयल्टीची मिळते, वाळूच्या चाचणीची कधी मिळणार?

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात मी स्वतः भरलेले तीन कॉलम ब्रेकर लावून फोडले. बावीस वर्षं लहान कंत्राटदारी करतो आहे, हे पहिल्यांदाच घडलं.

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचं, धोरण मंजूर केलं, तेव्हा मला आनंद झाला होता. वाळूउपशाने आमच्या नदीकाठच्या विहिरी आटताना मी पाहिल्या आहेत. जिल्ह्याला पन्नास युनिट, रॉयल्टी ब्रासला (शंभर घनफुटाला) ६०० ऐवजी २०० रुपये, सरकारी कामात एम-सँडच. हे सगळं मला मान्य होतं.

काम सरकारी इमारतीचं. कॉलममध्ये सळई इतकी दाट की व्हायब्रेटरची सुई आत जाईना, म्हणून सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट धरलं. ते आपल्याच वजनाने सळयांमधून वाट काढत कोपऱ्यापर्यंत जातं. मिक्सरजवळ चाचणीचा काँक्रीटने भरलेला शंकू उचलला तेव्हा त्याचा पसारा ६८० मिलिमीटर भरला, म्हणजे उत्तम. तिसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत तेच काँक्रीट चिखलासारखं बसलं. फळ्या काढल्या तर खाली हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या, सळया उघड्या. ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, मात्र पास झाले. होणारच, ते मिक्सरजवळ भरले होते!

उरलेली वाळू बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवली. सकाळी वर बोटभर पिवळी माती बसली होती. क्रशरवाल्याने वरचा मुरूम न काढताच दगड फोडला होता. आयएस ३८३ या भारतीय मानकानुसार नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनखालची भुकटी ३ टक्के चालते, दगड फोडून केलेल्या क्रश सँडमध्ये १५. ही भुकटी दगडाची असेल तर या काँक्रीटला उपकारकच, ती खडीला खाली बसू देत नाही. मातीची असेल तर ती अ‍ॅडमिक्श्चर, म्हणजे काँक्रीट प्रवाही ठेवणारं रसायन, पिऊन टाकते आणि प्रवाह मरतो. चाळणीला दगड आणि माती यांतला फरक कळत नाही. त्याला मिथिलीन ब्लू चाचणी लागते, ती निळ्या रंगाने माती ओळखते.

माझ्या गाडीबरोबर फक्त रॉयल्टीची पावती आली. बांधकाम खात्याच्या साहेबांनी सांगितलं, कॉलम स्वखर्चाने फोडा. मजुरांचा पगार द्यायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. क्रशरवाल्याला साधी नोटीसही नाही.

कारण या राज्यात वाळू म्हणजे महसूल. महसूल खातं ब्रास मोजतं, बांधकाम खातं अठ्ठावीस दिवसांनी क्यूब फोडतं, मधल्या मालाला कुणी वालीच नाही. नियम कागदावर आहेत, पण क्रशरच्या फाटकावर ते तपासायला माणूस नाही. खालच्या माणसाने दंड भरायचा, वरच्याने सवलत घ्यायची, हे वाळूपुरतंच आहे का?

ब्रासमागे ४०० रुपये तुम्ही सोडलेत, ते जनतेचे आहेत. वाळू धुणाऱ्या, दाण्याला आकार देणारं व्हीएसआय यंत्र बसवणाऱ्या क्रशरलाच ते द्या. गाडीबरोबर मिथिलीन ब्लूचा ताजा अहवाल नसेल तर सवलत काढून घ्या.

तेच कॉलम बारा तारखेला पुन्हा भरायचे आहेत. वाळू त्याच क्रशरवरून येणार, तालुक्यात दुसरा नाही.

आपला,
एक कंत्राटदार